कानाचा पडदा आणि दूरचा वैद्य

(नभोवाणीवरील भाषण)

कान फुटणें हा आपल्याकडे पुष्कळ घरांतून रोगच मानला जात नाहीं. मुलाला दांत यावे, पडसें व्हावें, तसाच त्याचा कान वाहावा, हें बाळपणाचें एक अंगच आहे अशी समजूत असते. रात्रीं कान ठणकूं लागला म्हणजे आई लसणीची पाकळी घालून तेल कोमट करते, त्याचे चार थेंब सोडते, वर कापसाचा बोळा बसविते. आणि पहांटे पू वाहूं लागून ठणका थांबला कीं दुखणें गेलें असें समजून घर आपल्या उद्योगास लागतें. वास्तविक ठणका थांबतो तो तेलानें नव्हे. पडद्यामागें कोंडलेल्या पुवानें पडदा फोडून वाट काढलेली असते, दाब गेलेला असतो, म्हणून ठणका गेलेला असतो. तें भोंक बहुधा थोड्या दिवसांत आपोआप बुजतें. परंतु जेव्हां तें बुजत नाहीं, तेव्हां कान महिनोन्‌महिने, पुढें वर्षानुवर्षें वाहत राहतो. शाळेंत मास्तरांचें बोलणें अर्धेंमुर्धें ऐकूं येतें. मग मुलगा मठ्ठ आहे, त्याचें लक्ष नसतें, असा शेरा त्याच्या कपाळीं बसतो; आणि तो शेरा पुसण्यास कानाचा वैद्य कोठें जवळपास असतो असेंही नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं श्रवणाविषयीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत जगांतील सुमारें १५० कोटि माणसांस कमी-अधिक बहिरेपण असल्याचें आणि त्यांपैकीं ४३ कोटींस प्रत्यक्ष साहाय्याची गरज असल्याचें नमूद आहे. त्याच संघटनेच्या म्हणण्याप्रमाणें मुलांच्या बहिरेपणापैकीं जवळजवळ ६० टक्के बहिरेपण टाळतां येण्याजोग्या कारणांचें असतें. वाहणारा कान हें अशा कारणांतलें एक ठळक कारण होय. रोग जुना, औषध ठाऊक, शस्त्रक्रियाही ठाऊक. अडतें तें एवढ्यावरच, कीं रोग्याच्या कानांत पाहणारा डोळा रोग्याच्या गांवीं नाहीं.

कानांत पाहणें ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग सांगितले, दुर्गंधि स्रावाचा पूतिकर्ण त्यांत वेगळा काढून दाखविला. परंतु पुढें पुष्कळ शतकें वैद्यांस कानाबद्दल जें कळे तें बाहेर आलेल्या स्रावावरून, वासावरून आणि रोग्याच्या तोंडून. कानाची नळी प्रौढ माणसांत सुमारें अडीच सेंटिमीटर लांब, किंचित् वांकडी आणि अंधारी. तिच्या शेवटीं मोत्यासारख्या राखी रंगाचा, वाटाण्याहून थोडा मोठा आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा पातळ असा पडदा तिरपा ताणलेला. त्या अंधारांत उजेड टाकला तर टाकणाऱ्याचें डोकेंच आड येतें. १८४१ सालीं जर्मनींतील वेस्टफालिया प्रांताच्या हॉफमन नांवाच्या एका डॉक्टरानें मध्यभागीं भोंक असलेला अंतर्गोल आरसा घेऊन ही अडचण सोडविली. आरशानें उजेड आंत फेंकावयाचा आणि भोंकांतून डोळ्यानें पाहावयाचें. त्याच्या युक्तीकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १८५५ मध्यें आंतोन फॉन ट्रोल्च यानें तीच पुन्हा पुढें आणली, तेव्हां ती रूढ झाली. पुढें विजेचा दिवा आला, भिंग आलें, मूठ आली. तरी एक गोष्ट बदलली नाहीं. सामान्य दवाखान्यांत कानाच्या नळींतून एका वेळीं एकाच माणसाचा एकच डोळा पाहूं शके. त्यानें काय पाहिलें तें दुसऱ्यास शब्दांनींच सांगावें लागे, आणि शब्दांनीं सांगावयाचें तर सांगणारा त्या विषयांत मुरलेला असावा लागे. खेड्यांतल्या परिचारिकेनें ‘पडदा लाल दिसतो’ असें दूरध्वनीवर सांगितलें, तर शहरांतल्या तज्ज्ञानें त्यावर काय म्हणून विसंबावें?

आणि येथें नुसत्या लालीपेक्षां फार मोठी गोष्ट पणास लागलेली असते. वाहणारा कान दोन जातींचा असतो. पहिल्यांत भोंक पडद्याच्या ताणलेल्या मधल्या भागांत असतें. स्राव पुष्कळ, चिकट, पण बहुधा वास नसलेला. हा कान कोरडा ठेविला, योग्य थेंब घातले, तर पुष्कळदां शांत होतो. पुढें सवडीनें पडदा शिवतां येतो. दुसऱ्यांत बिघाड पडद्याच्या वरच्या टोंकाशीं किंवा कडेला असतो. तेथून कातडीची एक पिशवी आंत ओढली जाते, तिच्यांत मेलेल्या कातडीचे पापुद्रे सांचतात, आणि ती पिशवी वाढत वाढत आजूबाजूचें हाड खात जाते. डॉक्टर तिला कोलेस्टिआटोमा म्हणतात. ऐकण्याचीं तीन चिमुकलीं हाडें तिच्या वाटेवर असतात; तोंडाचा अर्धा भाग हालविणारी मज्जा तेथूनच एका अरुंद हाडी नळींतून जाते; आणि वरच्या बाजूस मेंदू व कान यांच्यामध्यें हाडाचा एक पातळ पत्रा काय तो असतो. तोंड वांकडें होणें, मेंदूला सूज येणें, मेंदूंत पू होणें, हे या पिशवीचे अखेरचे परिणाम. थेंबांनीं ती जात नाहीं. तिला शस्त्रक्रियाच पाहिजे. दुर्दैव असें कीं, या दुसऱ्या जातीचा कान बहुधा दुखत नाहीं. स्रावही थोडाच, फक्त घाण वासाचा. म्हणजे जो कान ओरडतो तो बहुधा बरा होणारा, आणि जो मुकाट्यानें वाहतो तो कधीं कधीं जिवावर उठणारा. घरच्या माणसांनीं हा भेद ओळखावा कसा? तो ओळखण्यास पडदा दिसला पाहिजे, आणि ज्यास त्याचा अर्थ लागतो त्यास तो दिसला पाहिजे.

ही अडचण खिशांतल्या स्मार्टफोननें पुष्कळ अंशीं दूर केली आहे. त्या यंत्रांत एक उत्तम कॅमेरा असतो, चित्र दाखविणारा पडदा असतो, चित्र साठविण्याची जागा असते आणि तें दूर धाडण्याची सोय असते. त्याला कानांत घालावयाची निमुळती नळी, भिंग आणि लहानसा दिवा जोडला, म्हणजे हॉफमनचा आरसा, डोळा आणि टपाल हीं तिन्ही एका मुठींत आलीं. कांहीं उपकरणांत फोनचाच कॅमेरा भिंगामागें बसवितात, तर कांहींत नळीच्या टोंकाशीं वेगळा बारीक कॅमेरा असून तो तारेनें फोनला जोडलेला असतो. भारतांत एंट्राव्ह्यू नांवाचें अशा जातीचें एक उपकरण तयार झालें, आणि ‘श्रुति’ नांवाच्या उपक्रमांत दिल्लीच्या वस्त्यांमधून आरोग्यसेविकांनीं तें वापरलें.

काम चालतें तें असें. सेविका मुलाचा कान बाहेरून पाहते. प्रौढाच्या कानाची पाळ वर व मागें ओढावी लागते, लहान मुलाची खालीं व मागें. तसें केल्यानें वांकडी नळी सरळ होते. उपकरण धरलेल्या हाताचें एक बोट ती मुलाच्या गालावर टेंकविते, म्हणजे मुलानें एकाएकीं मान हालविली तरी हातही बरोबर हालतो आणि नळी आंत रुतत नाहीं. ही लहानशी गोष्ट पुस्तकांत एका ओळीची आहे. प्रत्यक्षांत सगळें कौशल्य तींतच. मळ आड आला असेल तर तो आधीं निघाला पाहिजे. स्राव असेल तर टिपला पाहिजे. मग पडद्याचें चित्र घ्यावयाचें, आणि त्याजबरोबर थोडी माहिती लिहावयाची: कान किती दिवस वाहतो, वास येतो काय, ऐकूं कमी येतें काय, चक्कर येते काय, तोंडाची एखादी बाजू ढिली पडली आहे काय. हें सगळें एकत्र बांधून फोनमध्यें ठेवतात. तरंग मिळाल्याबरोबर तें तज्ज्ञाकडे जातें, आणि तो आपल्या सवडीनें तें पाहून उत्तर पाठवितो. दोघांनीं एकाच वेळीं यंत्रासमोर बसण्याचें कारण उरत नाहीं. साठवावें आणि पाठवावें, या साध्या पद्धतीनें जेथें तारेची वा तरंगांची शाश्वति नाहीं अशा गांवींही काम भागतें.

या पद्धतीची सर्वांत दीर्घ कसोटी जेथें लागली तो प्रदेश मराठी श्रोत्यास फार दूरचा वाटेल. पण त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या अलास्का संस्थानाच्या पश्चिम किनाऱ्यावर, बेरिंग समुद्राचा नॉर्टन साउंड म्हणून एक फांटा आहे. त्याच्या कांठीं नोम हें गांव आणि आसपास इनुपिआत व युपिक लोकांच्या लहान लहान वस्त्या. बहुतेक वस्त्यांस नोमशीं जोडणारा रस्ताच नाहीं. जावयाचें तर लहान विमानानें, आणि हवा बिघडली कीं तेंही बंद. कानाच्या शस्त्रक्रियेचा मोठा दवाखाना अँकरेज येथें, नोमपासून पांचशेंहून अधिक मैलांवर. आणि याच लोकांच्या मुलांत कान वाहण्याचें प्रमाण अमेरिकेंतील इतर मुलांपेक्षां फार मोठें.

प्रत्येक वस्तींत डॉक्टर ठेवणें शक्य नव्हतें, म्हणून तेथें गांवच्याच माणसांस शिकवून आरोग्य-साहाय्यक नेमण्याची चाल पडली. १९६८ सालीं त्या योजनेस मध्यवर्ती सरकारची मान्यता व पैसा मिळाला. हे साहाय्यक दूरच्या दवाखान्यांतील डॉक्टरांशीं बोलत ते लघुलहरींच्या रेडिओवरून. रोज ठरलेल्या वेळीं डॉक्टर एकेका वस्तीला साद घाली, आणि साहाय्यक आपापले रोगी सांगत. ज्याच्या घरीं यंत्र असे त्या प्रत्येकास कोणाला काय झालें आहे हें ऐकूं येई! रोग्याचें गुपित नांवाची चीज त्या लहरींवर उरत नसे. आणि वाऱ्यावादळांत आवाज हरवला तर सल्लाही हरवे. १९७१ मध्यें एटीएस-१ या उपग्रहाच्या द्वारें कांहीं वस्त्यांस डॉक्टरांचा आवाज स्पष्ट पोंहोंचविण्याचा प्रयोग झाला. तोपर्यंत जें जात होतें तें आवाजच. कानाचा पडदा आवाजांत मावत नाहीं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या वस्त्यांच्या दवाखान्यांतून कॅमेऱ्याचें कर्णदर्शक बसविलेल्या गाड्या आल्या. तें अवजड यंत्र म्हणजे आजच्या फोन-उपकरणाचा थोरला भाऊच. साहाय्यकानें चित्र घ्यावें, नोमच्या श्रवणतज्ज्ञानें पाहावें, आणि जरूर तें अँकरेजच्या कर्णवैद्याकडे जावें, असा क्रम ठरला. यावर सहज येणारी शंका डॉक्टरांनींच आधीं काढली: चित्रावरून दिलेला निर्णय प्रत्यक्ष पाहून दिलेल्या निर्णयाशीं जुळतो काय? ज्या मुलांच्या पडद्यांत पाणी निघून जाण्यासाठीं बारीक नळ्या बसविल्या होत्या, त्यांचे कान त्यांनीं एकदां प्रत्यक्ष तपासले आणि पुढें त्यांचींच चित्रें पाहिलीं. दोन डॉक्टरांनीं एकच कान प्रत्यक्ष पाहून जितका मेळ बसतो, साधारण तितकाच चित्र व प्रत्यक्ष यांत बसला. २००८ सालीं हें प्रसिद्ध झालें. दोन डॉक्टरांचें प्रत्यक्ष पाहूनही सर्वस्वी एकमत होत नाहीं, ही गोष्ट या निमित्तानें उघड झाली, हेंही बरेंच झालें.

वाट पाहण्याचे दिवस किती वांचले? नोमच्या संस्थेच्या नोंदींवरून २०१० सालीं जो हिशेब मांडला गेला, त्यांत असें दिसतें कीं, पूर्वीं कर्णवैद्याकडे धाडलेल्या नव्या रोग्यांपैकीं ४७ टक्क्यांस पांच महिने किंवा त्याहून अधिक वाट पाहावी लागे. दूरचिकित्सा सुरू झाल्यावर पहिल्या तीन वर्षांत हें प्रमाण ८ टक्क्यांवर आलें, आणि पुढच्या तीन वर्षांत ३ टक्क्यांच्याही खालीं. यांत जादू कोणती? ज्यांस भेटीची गरजच नव्हती त्यांचें काम चित्रावर भागलें, म्हणून ज्यांस खरोखर गरज होती त्यांस जागा मिळाली. रांग तीच, फक्त तींत उगाच उभे असलेले लोक घरीं गेले.

स्मार्टफोन या कामांत शिरला तो पुढच्या प्रयोगांत. २०१७ ते २०१९ या काळांत याच प्रदेशांतील १५ वस्त्यांच्या शाळांमधून १४८१ विद्यार्थ्यांची तपासणी झाली. ऐकण्याची चांचणी फोनवर घ्यावयाची. ती रचना दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया येथें सिद्ध झालेली. तिच्या जोडीला पडद्याची लवचिकता मोजणारें यंत्र. येथवर सर्व वस्त्यांत सारखेंच. पुढें मात्र चिठ्ठ्या टाकून वस्त्यांचे दोन गट केले. सात वस्त्यांत नेहमींची रीत, म्हणजे दोष आढळला तर पालकांस पत्र द्यावयाचें आणि त्यांनीं मुलाला दवाखान्यांत न्यावयाचें. आठ वस्त्यांत मुलाच्या कानाचें चित्र व मोजमाप गांवांतूनच तज्ज्ञाकडे धाडावयाचें. २०२२ मध्यें ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या मासिकांत निकाल आला. पत्राच्या वाटेनें गेलेल्या मुलांपैकीं ३२.१ टक्के मुलेंच पुढील तपासणीपर्यंत पोंहोंचलीं. चित्राच्या वाटेनें ६८.५ टक्के. लागलेला काळ सरासरीनें पहिल्या गटांत ९२ दिवस, दुसऱ्यांत साडेएकेचाळीस.

या आंकड्यांकडे दोन्ही बाजूंनीं पाहिलें पाहिजे. दोष शोधण्याचें यंत्र दोन्हीकडे एकच होतें. फरक पडला तो दोष सांपडल्यानंतरच्या वाटेनें. शाळेंत मुलाच्या हातीं दिलेली चिठ्ठी दप्तरांत चुरगळते हा अनुभव काय नोमचा आणि काय नंदुरबारचा. पण दुसरीही बाजू आहे: चित्राची वाट मोकळी असूनही जवळजवळ तिसरा हिस्सा मुलें सुटलींच. जेथें कोणी पाठपुरावा करणारें माणूस नसेल तेथें यंत्र घेऊन ठेवणें म्हणजे कपाटाची शोभा वाढविणें होय, आणि अशीं शोभिवंत कपाटें सरकारी दवाखान्यांतून कमी नाहींत.

चित्राच्याही मर्यादा आहेत. एका स्थिर चित्रांत पडद्याचा वरचा कोपरा सुटला, तर नेमकी धोक्याची जागाच सुटते. म्हणून नळी हळूहळू फिरवीत हालतें चित्र घेणें बरें. जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तींत तज्ज्ञ नसलेल्या साहाय्यकाकडून अशीं हालतीं चित्रें घेववून, त्यांवरून दूरच्या तज्ज्ञांनीं निदान करण्याचा प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला आहे. शिवाय पडदा शाबूत असून त्याच्यामागें पाणी सांचलें असेल तर तें चित्रांत सहज उमगत नाहीं. त्यावर सिएटलच्या संशोधकांनीं २०१९ मध्यें एक गमतीची युक्ति दाखविली. कागदाचें लहान नरसाळें फोनच्या कर्ण्याशीं लावावयाचें, त्याचें टोंक कानाशीं धरावयाचें, आणि फोननें पाखरासारखी बारीक चिवचिव करावयाची. पडद्यावरून परत आलेला आवाज फोनच ऐकतो. भरलेल्या आणि रिकाम्या पेल्यावर टिचकी मारली असतां नाद वेगळा निघतो, त्यांतलाच हा प्रकार. ज्या कानांत पाणी होतें अशा १०० कानांपैकीं सुमारें ८५ त्या युक्तीनें ओळखले गेले. चित्र पाहून यंत्रानेंच निदान सांगण्याचेही प्रयत्न चालू आहेत. परंतु ज्या स्वच्छ चित्रांवर यंत्र शिकतें तसे स्वच्छ कान दवाखान्यांत थोडेच येतात, हें ध्यानांत ठेविलेलें बरें.

भारत सरकारनें बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ सालीं प्रथम २५ जिल्ह्यांत सुरू केला. दूरचिकित्सेस नियमांची चौकट मिळाली ती २०२० च्या मार्च महिन्यांत. आणि ई-संजीवनी या सरकारी व्यवस्थेमुळें उपकेंद्रांतील आरोग्य अधिकाऱ्यास दूरच्या डॉक्टरशीं रोग्याची गांठ घालून देतां येते. चौकट आहे, फोन तर प्रत्येक खिशांत आहे. उणीव आहे ती कानांत घालावयाच्या नळीची, ती धरावयास शिकलेल्या हाताची, आणि उत्तर देण्यासाठीं ठराविक वेळ बाजूस काढणाऱ्या तज्ज्ञाची. यांतली तिसरी उणीव सर्वांत अवघड. कारण रुग्णालयांत समोर उभी असलेली रांग दिसते, फोनमध्यें साठलेली दिसत नाहीं.

उत्तर आलें म्हणजे काय होतें? पहिल्या जातीचा कान असेल तर उत्तर सोपें असतें. स्वच्छ फडक्याची किंवा चिवट टिपकागदाची वात करून दिवसांतून तीन वेळां कान टिपावा, त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे थेंब घालावे, दोन आठवडे हें चालवावें; कानांत पाणी जाऊं देऊं नये, तेल तर मुळींच घालूं नये; मग पुन्हा चित्र पाठवावें. पडद्याला भोंक असतांना वाटेल ते थेंब घालणें धोक्याचें, कारण जेंटामायसिनसारखीं कांहीं औषधें आंतल्या कानास इजा करूं शकतात. दुकानदारानें दिलेली बाटली उचलण्यापूर्वीं हें विचारून घ्यावें.

दुसऱ्या जातीचा असेल तर उत्तरांत एकच ओळ असते: रोग्यास ताबडतोब जिल्ह्याच्या रुग्णालयांत पाठवा. ही ओळ वाचून दाखविणें हें त्या सेविकेचें खरें कठीण काम. मूल हंसत-खेळत असतें. कान दुखत नसतो. एस्‌टीचें भाडें, बुडालेली मजुरी, घरीं दुसरें तान्हें. आणि हें सर्व कशासाठीं, तर थोडासा वास येतो त्या कानासाठीं! आई साहजिकच म्हणते, ‘दुखत तर नाहीं ना ताई त्याला, मग पुढच्या महिन्यांत बघूं.’ पूर्वीं येथें बोलणें खुंटे. आतां सेविका फोन तिच्यापुढें धरते, आणि आधीं चांगल्या कानाचें चित्र दाखविते, तो मोत्यासारखा राखी पडदा. मग बोटानें सरकवून तिच्या मुलाच्या कानाचें, वरच्या कोपऱ्यांत पांढरट पापुद्र्यांनीं भरलेली ती खोबण. आई फोन आपल्या हातांत घेते, जवळ धरून पाहते, पुन्हा पहिलें चित्र मागते, आणि मग गाडी सकाळीं किती वाजतां सुटते तें विचारते.